माझी आजी आणि लायन्स क्लब

आमच्या घरी आई, बाबा, आजी, धाकटा भाऊ आणि मी अशी पाच माणसे आहेत. दिवाळी झाली की आई-बाबा धाकट्या भावाला घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जातात. नंदुरबार जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांतून माणसे अशी जातात. ती होळीच्या सुमारास परत येतात. मी आजीजवळ राहते, म्हणून माझी शाळा बुडत नाही. माझ्या वर्गातल्या दोन मुली मात्र आई-बापांबरोबर जातात. परत आल्या की त्यांना पाढे आठवत नाहीत, मग त्या मागच्या रांगेत बसतात.

मागच्या वर्षापासून आजीला कमी दिसू लागले. पूर्वी ती मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायची. नंदुरबारची लाल मिरची सगळीकडे प्रसिद्ध आहे. मग ते काम सुटले. तांदळातले खडे तिला दिसेनात. एकदा तिने भाजीत दोनदा मीठ घातले. एकदा चुलीपाशी तिचा हात भाजला. पाण्याला जाताना ती माझा खांदा धरायची. मी सांगायची, "आजी, इथे दगड आहे. आजी, इथे चिखल आहे." ती म्हणायची, "तूच माझे डोळे."

पोळ्याच्या दिवशी बाबा म्हणाले, "आता आजीलाच सांभाळायला माणूस पाहिजे. यंदा दोघींनाही बरोबर घेऊन जाऊ." आई काही बोलली नाही. मीही काही बोलले नाही. पण मला रात्री झोप आली नाही. मागच्या रांगेतल्या त्या दोन मुली सारख्या डोळ्यांपुढे येत होत्या.

गणपती झाल्यावर एके दिवशी गुरुजी वर्गात म्हणाले, "मुलांनो, येत्या रविवारी आपल्या शाळेत लायन्स क्लबाचे नेत्रतपासणी शिबिर आहे. घरी कुणाला कमी दिसत असेल तर नाव सांगा." लायन म्हणजे सिंह हे आम्हाला इंग्रजीच्या पुस्तकामुळे माहीत होते. एक मुलगा ओरडला, "गुरुजी, शाळेत सिंह येणार का?" सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले.

मग गुरुजींनी आम्हाला माहिती सांगितली. अमेरिकेत शिकागो नावाचे शहर आहे. तिथे मेल्विन जोन्स नावाचे गृहस्थ विम्याचा धंदा करीत. धंद्यातली माणसे एकत्र जमतात, जेवतात, घरी जातात. त्याऐवजी त्यांनी लोकांच्या उपयोगी का पडू नये, असे त्यांना वाटले. म्हणून १९१७ साली त्यांनी निरनिराळ्या मंडळांना एकत्र आणले. तोच लायन्स क्लब. १९२५ साली हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात आल्या. त्या लहानपणीच्या आजारामुळे आंधळ्या आणि बहिऱ्या झालेल्या होत्या. त्यांनी सर्वांना विनंती केली की आंधळ्या माणसांसाठी काम करा. तेव्हापासून हे क्लब डोळ्यांचे काम करतात. आपल्या देशात पहिला लायन्स क्लब १९५६ साली मुंबईला निघाला. आता जगातल्या पुष्कळ देशांत असे क्लब आहेत. त्यांचे ब्रीद आहे 'आम्ही सेवा करतो'. ते रक्तदान शिबिरे घेतात, झाडे लावतात, मधुमेहाची तपासणीही करतात.

मी आजीला हे सांगितले. आजी म्हणाली, "माले नही जानं. म्हातारपनमा डोया काय करना!" खरे म्हणजे ती भीत होती. मलाही भीती वाटत होती. मला वाटले होते की आजीचा डोळा काढून दुसऱ्या कुणाचा बसवतात. तरीपण मी दुसऱ्या दिवशी गुरुजींना आजीचे नाव सांगितले. तिला विचारले नाही. ती चूक होती, पण मी ती केली.

रविवारी आजी रागावली, पण आली. आमच्याच वर्गात भिंतीवर एक तक्ता लावला होता. त्यावर फणीसारखी चिन्हे होती. चिन्हाचे दात कोणत्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचे, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही सांगता येते. आजीला सगळ्यात वरचे मोठे चिन्हसुद्धा नीट दिसले नाही. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिले. रक्तदाब आणि साखर तपासली. म्हणाले, "मोतीबिंदू आहे. ऑपरेशन केले की दिसेल."

क्लबाचे एक काका तिथे नावे लिहीत होते. त्यांच्या खिशावर छोटा बिल्ला होता. त्यावर दोन सिंहांची तोंडे होती, एक इकडे बघणारे आणि एक तिकडे. मी त्यांना विचारले, "काका, डोळा बदलणार का?" ते हसले नाहीत. त्यांनी मला जवळ बसवून समजावले. आपल्या डोळ्यात एक भिंग असते. म्हातारपणी ते दुधासारखे पांढुरके होते, त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. डॉक्टर ते भिंग काढून त्या जागी बारीकसे कृत्रिम भिंग बसवतात. असे भिंग पहिल्यांदा १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांनी बसवले. युद्धात विमानाच्या खिडकीचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते, पण त्यांच्यामुळे डोळा चिडला नाही. ते पाहून डॉक्टरांना ही युक्ती सुचली. आणि माणूस मेल्यावर जे नेत्रदान करतात, ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यासाठी असते. मोतीबिंदूला ते लागत नाही. मी हे सगळे घरी जाऊन आजीला सांगितले. मग ती जरा गप्प झाली.

आमच्या गावातून अकरा जणांची नावे निघाली. आमच्या शेजारच्या बाबांची साखर फार वाढलेली होती, म्हणून त्यांचे ऑपरेशन लगेच करता येणार नव्हते. ते फार हिरमुसले. काकांनी त्यांचे नाव वेगळ्या कागदावर लिहिले आणि गोळ्या चालू करायला सांगितले.

पूर्वी अशी ऑपरेशने शाळेत किंवा तंबूतही होत असत. आता गावात फक्त तपासणी होते आणि ऑपरेशन दवाखान्यातच होते. ते चांगले असते, कारण तिथे स्वच्छता राखता येते. क्लबाने गाडी पाठवली. आजीबरोबर आई गेली. ऑपरेशन, औषध, जेवण आणि काळा चष्मा यांचा एक पैसा पडला नाही. त्या रात्री मी आणि भाऊ शेजारी जेवलो. मला भाकरी गोड लागली नाही. आजीला काही झाले तर नाव मीच सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. मी धावत गेले आणि आजीला उतरवायला हात पुढे केला. पण आजी दांडी धरून आपली आपणच उतरली. काळ्या चष्म्यातून तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "व माय, कितली बारीक व्हयी गयी तू!" माझी वेणी वाकडी आहे तेही तिने सांगितले. मी हसले आणि मला रडूही आले.

मग माझे काम सुरू झाले. मी भिंतीवर कागद चिकटवला आणि त्यावर थेंब घालायच्या वेळा लिहिल्या. आधी साबणाने हात धुवायचे, मग थेंब घालायचे. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही. चुलीच्या धुरात बसायचे नाही. एकही वेळ मी चुकवली नाही. दिवाळीच्या आत आजी तांदूळ निवडू लागली. मी निवडलेल्या तांदळातून तिने तीन खडे काढून दाखवले! बाबांनी ते पाहिले आणि म्हणाले, "राहा मग दोघी इथेच. शाळा शिक." आई-बाबा ऊसतोडीला गेले आहेत. मी रोज शाळेत येते.

मला या सगळ्यातून एक गोष्ट समजली. ऑपरेशन क्लब करत नाही, डॉक्टर करतात. अंधत्व टाळण्यासाठी सरकारचा कार्यक्रमही १९७६ सालापासून आहे. डॉक्टर होते, दवाखाना होता, योजनाही होती. पण आजीला ते कुणी सांगितले नव्हते, तिथपर्यंत जायला भाडे नव्हते आणि ती भीत होती. क्लबाच्या लोकांनी तिला तिथे नेले आणि परत आणून सोडले. मी आजीला पाण्याला नेते तसेच ते आहे. म्हणजे मदत फार मोठी असावी लागते असे नाही. पण माणसाला अर्ध्या वाटेत सोडू नये.

आजीचा दुसरा डोळा अजून व्हायचा आहे. शेजारचे बाबा आता बिनसाखरेचा चहा पितात आणि तोंड वाकडे करतात, पण गोळ्या घेतात. गुरुजींनी आम्हा चौथीच्या मुलांना सांगितले आहे की आपापल्या गल्लीत विचारा, कुणाला दिसत नाही. आम्ही सात नावे लिहून ठेवली आहेत. या वेळी मी प्रत्येकाला आधी विचारले आणि मगच नाव लिहिले.

— इयत्ता चौथी