सिदोअर्जोचे वाळवण

सुराबाया शहरातून दक्षिणेला निघालो आणि थोड्याच वेळात सिदोअर्जो लागले. पूर्व जावातील या जिल्ह्याच्या बोधचिन्हावरच कोळंबी आहे. किनाऱ्याकडे मासे-कोळंबीची तळी आणि गल्ल्यांमध्ये बांबूच्या तट्ट्यांवर वाळत घातलेल्या पातळ चकत्या. क्षणभर वाटले, आपण कोकणात, उन्हाळ्यात पापड घातलेल्या एखाद्या अंगणात उभे आहोत.

या चकत्या म्हणजे क्रुपुक. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच्या पिठात वाटलेली कोळंबी, लसूण आणि मीठ घालून मळतात. त्याच्या लांब वळकट्या वाफवतात, रात्रभर थंड होऊ देतात, मग पातळ काप करून उन्हात वाळवतात. कढईत पडताच चकती फुलते. जेवणात क्रुपुक नसेल तर इंडोनेशियातील माणसाला ताट अपुरे वाटते. 17 ऑगस्ट या त्यांच्या स्वातंत्र्यदिनी दोरीला टांगलेले क्रुपुक हात न लावता खाण्याची शर्यत लागते. पश्चिम जावातील चिरेबोनमध्ये तर ते तेलाऐवजी तापलेल्या वाळूत भाजतात. त्याचे नाव ‘मलारात’, म्हणजे गरीब!

एका अंगणात एक प्रौढ बाई चकत्या उलटवत होत्या. सलाम झाला. तिकडे वडीलधाऱ्या स्त्रीला ‘इबू’, म्हणजे आई म्हणतात. आम्हीही तसेच म्हटले. सोबतच्या मुलाने दुभाष्याचे काम केले.

“पावसाळ्यात काय करता?” मी विचारले.

इबू हसल्या. पूर्वी चार दिवस ऊन पडले नाही की चकत्यांना बुरशी यायची, माल फेकावा लागायचा आणि पिठाची उधारी डोक्यावर राहायची. व्यापारी ठरवेल तो भाव घ्यावा लागे. मग शेजारच्या दहा-बारा घरांनी गट केला. पीठ एकत्र घेतले, थोडी थोडी बचत करून सर्वांसाठी एक ड्रायर आणला. भावही आता गटच ठरवतो.

एकत्र येण्याची ही रीत त्या देशात जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलो शहरातील बाटिकचे व्यापारी हाजी समनहुदी यांनी मुस्लिम व्यापाऱ्यांची ‘सरेकत दागांग इस्लाम’ ही संघटना उभी केली. तीच पुढे ‘सरेकत इस्लाम’ या नावाने मोठी लोकचळवळ झाली. पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हत्ता यांना सहकाराचे जनक मानतात. 12 जुलै 1947 रोजी तासिकमलाया येथे सहकाराची पहिली परिषद भरली, म्हणून 12 जुलै हा तेथील सहकार दिन. उद्योजक स्त्रियांची ‘इवापी’ ही संघटना 1975 पासून काम करते.

आता गटापुढे नवे काम आहे. 2014 च्या कायद्याने खाद्यपदार्थांना हलाल प्रमाणपत्र सक्तीचे केले. लहान उद्योगांना त्यासाठी ऑक्टोबर 2026 पर्यंतची मुदत मिळाली. पीठ आणि कोळंबी तर हलालच, मग अडचण कसली? इबूंनी सांगितले, रंग, मसाला, तळणीचे तेल, सगळ्याची नोंद ठेवावी लागते. एकट्या बाईला ते जड जाते, गटात लिहिता येणारी एखादी मुलगी सर्वांचे कागद करते.

आणखी एक गोष्ट त्यांनी हलक्या आवाजात सांगितली. क्रुपुक जास्त कुरकुरीत व्हावे म्हणून काही जण बोरॅक्स घालतात. खाद्यपदार्थांत त्याला बंदी आहे, पण तो माल आकर्षक दिसतो आणि गिऱ्हाईक फसते. गटाचा नियम एकच: बोरॅक्स सापडला तर त्या घराचा माल परत. “नुसते हलाल पुरत नाही, तय्यिबही हवे. ही पोरे खातात ना,” अंगणातल्या नातवंडांकडे बोट दाखवून इबू म्हणाल्या.

तेवढ्यात ढग आले. बोलणे अर्धवट टाकून सगळी गल्ली तट्टे उचलायला धावली. आम्हीही दोन तट्टे आत नेले. निघताना इबूंनी कच्च्या क्रुपुकची पिशवी हातात ठेवली आणि पैसे मात्र गटाच्या वहीत लिहून घेतले.