सुट्टीच्या दिवशी कामावर कोण?

जाहिराती लिहिणाऱ्यांची दिवाळी आषाढात सुरू होते. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आम्ही बैठकीत आकाशकंदिलाचा रंग ठरवत असतो. गणपतीचं काम जूनमध्ये, दसऱ्याचं श्रावणाच्या तोंडावर, पाडव्याचं संक्रांतीच्या आसपास. अधिक मास आला की सण पुढे सरकतात आणि त्यांच्याबरोबर आमचं सगळं वेळापत्रक सरकतं. २०२३ मध्ये श्रावण दोन महिन्यांचा झाला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. शाळांना सुट्ट्या कधी लागणार, बोनस हातात कधी पडणार, लोक खरेदीला कधी निघणार, हे सगळं नव्याने मांडावं लागलं. म्हणून कॉपी लिहिणाऱ्याच्या टेबलावर शब्दकोशाइतकंच कालनिर्णयही हवं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका घरोघर भिंतीवर असते. तिच्यातले लाल आकडे बघून बाकीचे लोक गावाला जायचे बेत आखतात. आम्ही त्याच आकड्यांपासून उलटे दिवस मोजत मजकूर कधी द्यायचा ते ठरवतो.

मुंबईत मराठी जाहिराती लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. दुसऱ्यांच्या सुट्टीवर पोट असलेला हा व्यवसाय मला मनापासून आवडतो. त्यात एक गोष्ट मात्र मी पक्की धरून ठेवली आहे. सणाची जाहिरात लिहायला बसण्याआधी मी स्वतःला विचारते, या सुट्टीच्या दिवशी कामावर कोण आहे? त्याचं उत्तर मिळेपर्यंत हेडलाइन लिहायला घेत नाही.

याचं कारण आमच्या कामाच्या पद्धतीत आहे. पुष्कळदा मोहीम हिंदीत किंवा इंग्रजीत तयार होते आणि 'आता याचं मराठी करा' म्हणून आमच्याकडे येते. त्या मोहिमेतली दिवाळी रात्रीची असते. गच्चीवर पणत्यांच्या रांगा, मिठाईचे डबे, लक्ष्मीपूजनाला जमलेलं नटलेलं कुटुंब. चित्र देखणं असतं, पण आपल्या घरात दिवाळी उजाडते ती नरक चतुर्दशीच्या पहाटे. तेल, उटणं, कढत पाणी, पायाखाली फोडलेलं कारीट आणि मग सगळ्यांनी एकत्र बसून खाल्लेला पहिला फराळ. मोती साबणाच्या जाहिरातीतले, दारोदार जाऊन सगळ्यांना उठवणारे काका महाराष्ट्राच्या मनात घर करून बसले, कारण ती जाहिरात लिहिणाऱ्याला ही पहाट ठाऊक होती. रात्रीच्या चित्राखाली कितीही सुरेख मराठी लिहिलं तरी वाचणाऱ्याला ते दुसऱ्याच्या घरचं वाटतं.

पहाट पकडली तरी काम अर्धंच होतं. सगळ्यांना उठवायला आधी कुणीतरी उठलेलं असतं. पाणी तापवलेलं असतं, अंगण झाडून रांगोळी काढलेली असते. त्याच्या आधी आठवडाभर भाजणी भाजली, दळून आणली, चकल्या पाडल्या, अनारशाच्या पिठाकडे लक्ष ठेवलं. घरातली सुट्टी त्या बाईच्या कामावर उभी असते. आणि जाहिरातीत ती फक्त ताट पुढे करून हसते.

काही वर्षांपूर्वी चकलीची भाजणी विकणाऱ्या एका मध्यम आकाराच्या उद्योगाचं काम माझ्याकडे आलं. ब्रीफमध्ये 'आईच्या हातची चव' हेच हवं होतं. मी लिहिलेली ओळ अशी होती: 'या वर्षी भाजणी आम्ही भाजतो, तुम्ही दिवाळी पहाटेच्या मैफलीला जा.' चित्रात मैफलीत पुढच्या रांगेत बसलेली, मोगरा माळलेली, गाण्यात रंगलेली पन्नाशीची बाई. बैठकीत मालकांचे वडील होते. जुने, जाणते गृहस्थ. त्यांनी ले-आउट बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, सगळं छान आहे, पण चित्रात आई पाहिजे ना?"

मी म्हटलं, "काका, हीच आई आहे."

ते परत बघत राहिले. मग त्यांनी आपल्या आईबद्दल सांगायला सुरुवात केली. मोठं कुटुंब होतं, दिवाळीभर माऊली चुलीपुढे असायची, आणि तिला गाण्याचं वेड होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. जाहिरात तशीच छापली गेली. भाजणी किती खपली याचे आकडे बाकीच्यांनी पाहिले. माझ्यासाठी महत्त्वाचं हे होतं की एका बाईला सणाच्या दिवशी बसलेलं दाखवता आलं, आणि ते करताना माल विकण्याचं काम कुठे अडलं नाही. भाजणीच्या पिशवीत तिचा आठवडाभराचा वेळ होता आणि तो तिला परत मिळणार होता. माल विकण्याचं याहून चांगलं कारण मला तरी ठाऊक नाही.

सुट्टी कशी मिळते याचा या शहराला मोठा इतिहास आहे, आणि जाहिरातीत येणाऱ्या प्रत्येक तरुणाने तो वाचावा असं मला वाटतं. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या आजही अंगावर येतात. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. रविवार हा खंडोबाचा वार, तो देवासाठी आणि समाजकार्यासाठी मिळावा, असं लोखंडे सांगत. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिथे दोन गिरणी कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली.

त्या निवेदनातल्या सुट्टी आणि पगार या दोन मागण्या शेजारीशेजारी आहेत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. खिशात पैसे नसतील तर सुट्टी नुसती रिकामी जाते, हे त्या माणसांना पक्कं माहीत होतं. पुढे १९६५ च्या कायद्याने बोनस हा कामगाराचा हक्क झाला. त्याची किमान मर्यादा नंतर वाढून वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार, झाली. दिवाळीच्या जाहिरातींचं सगळं नियोजन आज त्या पैशाच्या वाटेवर डोळे लावून असतं. पानभर टीव्हीची, फ्रिजची, सोन्याची जाहिरात ज्या आठवड्यात येते, त्याच आठवड्यात कुणाच्या तरी खात्यात वर्षभराच्या कष्टाचे पैसे जमा झालेले असतात. ते पैसे मागताना शब्द जपून वापरावेत. 'आजच घ्या, उद्या संधी नाही' असं लिहायचं असेल तर उद्या खरोखरच संधी नसली पाहिजे. शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यावर प्रक्रिया शुल्क असेल, तर ते वाचता येईल अशा अक्षरात छापलं पाहिजे. या दोन गोष्टींसाठी मी बैठकीत आवाज चढवला आहे, आणि यापुढेही चढवीन.

रविवारच्या अंकासाठी लिहायला मला सगळ्यात आवडतं. एरवी वाचक लोकलमध्ये लटकत मथळे वाचतो. रविवारी तो चहाचा दुसरा कप घेऊन बसतो आणि मोठा मजकूरही शेवटपर्यंत वाचतो. सहलीच्या कंपन्यांनी हे बरोबर ओळखलं. १९८४ साली सुरू झालेली केसरी असो की २०१३ मधली वीणा वर्ल्ड, त्यांच्या पानभर जाहिरातींत तारखा, ठिकाणं, दर, काय समाविष्ट आहे आणि काय नाही, सगळं दाटीवाटीने दिलेलं असतं. आर्टवाल्यांना हा पसारा आवडत नाही. पण मराठी घरात सहल ठरते ती त्या पसाऱ्यावर पेनाने खुणा करूनच, आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या चर्चेतून.

त्या तपशिलांत खरं काय विकलं जातं ते नीट पाहावं. बर्फाचे डोंगर तर आहेतच. पण सकाळचा नाश्ता तयार मिळेल, सामान खोलीपर्यंत पोहोचेल, रात्री वरण-भात असेल आणि यातलं काहीही घरातल्या बाईला करावं लागणार नाही, हे तिथलं मोठं आश्वासन आहे. केसरीच्या 'माय फेअर लेडी' या फक्त स्त्रियांच्या सहलींना जो प्रतिसाद मिळाला, त्याचं मूळ मला तिथेच दिसतं. घरातल्या सगळ्यांबरोबर सहलीला गेलेली बाई पुष्कळदा घर बरोबर घेऊनच जाते. कुणाची गोळी, कुणाचा स्वेटर, कुणाला तिखट चालत नाही. एकटी गेली की तिला सुट्टी मिळते.

तिची सुट्टीही पुन्हा कुणाच्या तरी कामावर उभी असते. टूर मॅनेजर पहाटे सगळ्यांच्या आधी खाली येऊन बॅगा मोजतो. ड्रायव्हर घाटात जागा असतो. गणपतीत एसटीचे चालक-वाहक आपला गणपती घरच्यांवर सोपवून जादा गाड्या कोकणात नेतात. दिवाळीत हलवायाच्या भट्टीवरचा माणूस रात्रभर उभा असतो. सोसायटीचा वॉचमन सगळ्यांचा फराळ घेतो आणि स्वतःच्या गावी फोन करतो. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या लक्ष्मीपूजनाला बंद असतात आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक मराठी वर्तमानपत्रं निघत नाहीत. तेव्हा कुठे पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाला झोपायला मिळतं.

आमच्या व्यवसायातही हेच आहे. सणाच्या आदल्या रात्री स्टुडिओत दिवे चालू असतात, छापायला जाणाऱ्या आर्टवर्कमधली शेवटची वेलांटी कुणीतरी तपासत असतं. कोकणातली मंडळी मात्र एका बाबतीत ठाम असतात. गणपतीची रजा म्हणजे रजा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी अर्धा स्टुडिओ मोबाइलला चिकटलेला असतो. त्यांच्या या ठामपणाबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे. परगावच्या क्लायंटना सुरुवातीला याचं नवल वाटतं. मग तेही शिकतात आणि मंजुऱ्या आठवडाभर आधी देतात. जगबुडी येत नाही. रजा मागणाऱ्याने ठाम राहिलं की काम आपोआप शिस्तीत येतं, हे मी त्यांच्याकडून शिकले, आणि माझ्या हाताखालच्या मुलामुलींना सणाची रजा नाकारायची नाही हा नियम केला.

जाहिरात सुट्टीकडून घेते तशी तिला देऊही शकते, याचा पुरावा आपल्या घरातच पडलेला असतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या दिवाळीत फराळाबरोबर वाचन आलं. दिवाळी अंकांच्या खर्चाचा मोठा भार जाहिरातींनी उचलला. बँका, मसाले, सराफ, रंगपेट्या यांच्या पानांमुळे पुढच्या कथा-कविता छापल्या गेल्या. किर्लोस्करवाडीहून १९२० साली निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'ची गोष्ट तर आम्हा लोकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. नांगरासारख्या अवजारांची माहिती देणारं ते कारखान्याचं पत्रक. चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या शं. वा. किर्लोस्करांनी त्याचं रूपांतर विचार करायला लावणाऱ्या मासिकात केलं, आणि पुढे १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू केलं. वाचणाऱ्याचा मोकळा वेळ त्यांनी घेतला तो काहीतरी देण्यासाठी. दुपारी सगळं आवरल्यावर हातात 'स्त्री' घेऊन बसणाऱ्या बायकांच्या किती पिढ्या त्या एका निर्णयावर वाचत्या झाल्या.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या मुलांना सणाचं पहिलं काम देताना मी संगणक बंद करायला सांगते. बाजारात जा, डेपोत जा, घरी स्वयंपाकघरात जा. या सणाला कोण किती वाजता उठतं, कुणाचा पाय दुखतो, कुणाला जेवायला उशीर होतो, ते विचारून या. परत येतात तेव्हा त्यांच्या वहीत अशी वाक्यं असतात जी बैठकीत बसून कुणालाच सुचली नसती. 'आनंदाचा, उत्साहाचा, मांगल्याचा सण' ही ओळ मग आपोआप गळून पडते. आपण विकतो त्या वस्तूने त्यांतल्या एकाचंही काम थोडं हलकं होत असेल, तर जाहिरातीत तेवढंच सांगावं, साध्या शब्दांत आणि खरं. आणि होत नसेल, तर शुभेच्छा देऊन गप्प बसावं. लोकांनी लढून मिळवलेल्या दिवसात आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि फार वेळ बसूही नये.