भोकांचं ब्रॅकेट

पुढे डिस्क बसवून नेलेली आरएक्स १०० आठवड्यात परत आली. "ब्रेक ओरडतोय," सर म्हणाले. मी गाडी काढली, पन्हाळ्याच्या वाटेला लागलो, वर जाऊन वाघबीळचा उतार मुद्दाम दोन बोटांनी ब्रेक धरत उतरलो. काहीच ऐकू आलं नाही. नवे पॅड आहेत, बसतील, असं सांगून गाडी दिली. ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा कॉलेजात शिकवणाऱ्या त्या माणसाला मी सरळ सांगितलं, "सर, आवाज गाडीत नाही, तुमच्या डोक्यात आहे." ते काही बोलले नाहीत. वडिलांची १९९१ सालची गाडी माझ्याकडे सोडून रिक्षानं गेले.

चौतीस वर्षं मी गाड्या आवाजावरून ओळखत आलो. गल्लीच्या तोंडाला गाडी असतानाच कुणाचं बिगएंड गेलंय, कुणाचा पिस्टन खडखडतोय, हे मी शटरच्या आत बसून सांगायचो. लोक बघायला थांबायचे. मला ते आवडायचं. खरं तर त्याच्यासाठीच मी कधीकधी मोठ्यानं सांगायचो.

टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक जवळजवळ नसतोच. घाटात बहुतेक सगळा भार पुढच्या ड्रमवर येतो, लायनर तापतात आणि शेवटच्या वळणांना लिव्हर नुसती दाबली जाते. म्हणून कोल्हापुरात या गाडीला डिस्क मागणारे पुष्कळ. डिस्कचा हब आणि कॅलिपर दुसऱ्या गाडीचा मिळतो. कॅलिपर फोर्कला धरणारं ब्रॅकेट मात्र बनवावं लागतं. ते माझं मी आखतो आणि उद्यमनगरात कापून घेतो. सहा मिलिमीटरची लोखंडी पट्टी आणि तिला पाच भोकं. त्यातली दोन बोल्टची. उरलेली तीन मी शोभेसाठी पाडायचो, रेसच्या गाडीला असतात तशी. रस्त्यात गाडी दिसली की भोकं मोजून माझं काम ओळखता यायचं.

सरांच्या गाडीवर मी तीन आठवडे घालवले. सिंटर्ड पॅड काढून ऑरगॅनिक घातले, मागे शिम घातली. पिना काढून साफ केल्या, सिलिकॉन ग्रीस लावून बसवल्या. डायल गेज लावून डिस्क फिरवली तर ०.१२ मिलिमीटर, म्हणजे उत्तमच. एक्सलचा स्पेसर नवा केला. पॅडच्या कडांना कानशीनं उतार दिला. प्रत्येक वेळी फेरी मारून आलो की मला शांत वाटायचं आणि सर म्हणायचे, आहे तसाच आहे.

या आवाजाचं कोडं असं की तो घासण्याचा आवाज नसतो. पॅड डिस्कला धरतो, निसटतो, पुन्हा धरतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि त्या धक्क्यानं जे काही थरथरायला मोकळं असेल ते वाजायला लागतं. डिस्क वाजेल, कॅलिपर वाजेल, पॅडमागचा पत्राही वाजेल. मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर घोडीचा माथा कणाकणानं घासतात, तार किंचित टेकावी आणि नाद उमलावा म्हणून. मी पॅडची कड तशीच कणाकणानं घासतो, नाद मरावा म्हणून. दोन्हीकडे कानच सांगतो, आता थांब.

माझ्याकडे आयटीआय करून आलेली एक पोरगी शिकते. चौथ्या आठवड्यात मी हलका ब्रेक धरून गाडी गॅरेजातून ढकलत होतो. ती लांबून ओरडली, "वस्ताद, वरडतंय की! किती वरडतंय!" मी थांबलो. मला टायरचा आवाज येत होता, चेनचा येत होता. तिनं मात्र खांदा वर करून एक कान झाकला होता.

मग मी ढकलत राहिलो आणि ती वाकून चाकाबरोबर चालत राहिली. अंगठ्यानं एकेक जागा दाबत गेली. कॅलिपर दाबला, "हाय." फोर्क दाबला, "हाय." ब्रॅकेटवर, मधल्या भोकाच्या वर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "गेलं." अंगठा काढला, "आलं." असं आम्ही सहा वेळा केलं. सहाव्या वेळी मी लिव्हर सोडून स्टुलावर बसलो.

दहा मिलिमीटरची पट्टी कापून आणली, फक्त बोल्टची भोकं पाडली. आवाज बंद झाला, असं पोरगीनं सांगितलं आणि मग सरांनी. मी सरांची माफी मागितली, मजुरी घेतली नाही.

पुढच्या आठवड्यात कान तपासून घेतले. डॉक्टरांच्या कागदावरची रेघ डावीकडून बरी चालत येते आणि ४००० हर्ट्झला खड्ड्यात पडते. सायलेन्सर आणि ग्राइंडर यांच्याजवळ वर्षं काढलेल्यांची रेघ अशीच पडते, म्हणाले. ब्रेकची किंचाळी हजार हर्ट्झच्या वरच असते. बिगएंडचा ठोका मला आजही कळतो, म्हणून बाकीचंही कळतंय असं मी धरून चाललो होतो.

हल्ली तयार किट मागवून दोन तासांत डिस्क चढवणारी दुकानं झाली आहेत. आवाज आला तर पॅडच्या मागे बोटभर ग्रीस थापतात. तापलं की ते वितळून डिस्कवर येतं आणि ब्रेकच जातो. धुलाईवाले चाकावर डिझेल मारतात, तेही तितकंच घातक. कुणी शोभेसाठी डिस्कलाच घरच्या ड्रिलनं भोकं पाडतं. अशा एका कारागिराला मी भर चौकात झापलं होतं, लोखंडाचा जीव कळत नाही तुला म्हणून. त्या दिवशी माझ्या बाकड्यावर शोभेची तीन भोकं पाडलेली चार ब्रॅकेटं तयार पडली होती.

वही काढून बसलो. २०११पासून त्रेसष्ट ब्रॅकेटं. त्यांच्या मालकांपैकी कितीजण परत येऊन "आवाज येतोय" म्हणाले आणि मी त्यांना "बसेल" म्हणून पाठवलं, ते वहीत नाही. पण काही चेहरे आठवतात. दोघांनी डिस्क काढून पुन्हा ड्रम बसवला होता. तेव्हा मी त्यांना भित्रे म्हटलं होतं.

जुना साचा मी कापून टाकला. ब्रेकचं काम झालं की आता पोरगी गाडी ढकलते, ऐकते आणि तिनं हो म्हटल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही. आजवर एकोणीस ब्रॅकेटं बदलून झाली. चव्वेचाळीस राहिली. तुमच्या आरएक्सच्या पुढच्या कॅलिपरमागे पाच भोकांची काळी पट्टी दिसली तर गाडी घेऊन या. सोमवारी गॅरेज बंद असतं. पैसे लागणार नाहीत.