आत्या कुठल्या रकान्यात?

देशाचे माजी अर्थमंत्री सी. डी. देशमुख आमच्या रोह्याला अगदी घरचे वाटतात. मी त्याच गावची, पण इन्कम टॅक्स म्हटलं की मला जांभई येते. फ्रीलान्सर ना! जुलै उजाडला की कागदांची पिशवी सीए मित्राच्या टेबलावर ओतायची आणि पळायचं.

२०२४च्या जुलैत मात्र पिशवी जड होती. त्यात आत्याची बिलं होती. आई गेल्यावर मला वाढवलं ते आत्यानंच. तिनं लग्न केलं नाही, बाबांच्या घरीच राहिली. पक्षाघातानंतर ती अंथरुणाला खिळली. दिवसभराच्या मावशी, फिजिओथेरपी, डायपर, औषधं... मावशींचा पगार बाबा देतात, औषधं माझ्याकडे. तिला जीपमध्ये आडवं झोपवून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नेलं आणि ८० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळवलं. तो प्रवास आठवला की अजून पोटात गोळा येतो.

मी ऐटीत म्हटलं, "कलम ८०डीडी! १ लाख २५ हजारांची वजावट. वाचून आलेय."

"पेशंट तुझी कोण?"

"आत्या."

"मग नाही मिळत."

१९६१च्या आयकर कायद्यातल्या या कलमात अवलंबून असलेली व्यक्ती म्हणजे नवरा किंवा बायको, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण. बस्स. आत्या, मावशी, आजी यादीतच नाहीत. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पैशांसाठी नाही हो! शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं जिची सही, ती सरकारदरबारी माझी कुणीच नाही?

मित्रानं पाण्याचा ग्लास पुढे केला. "तुझी नाही. पण बाबांची कोण?"

बहीण!

बाबा धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला. आत्याचा सांभाळही त्यांच्याकडेच. म्हणजे वजावट त्यांची. अपंगत्व ४० टक्के असेल तर ७५ हजार, ८० किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार. यात शुश्रूषेचा खर्चही बसतो. खर्च कमी झाला काय, जास्त झाला काय, वजावटीचा आकडा तोच. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट २६ हजार वाचतात. मेख एकच, ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. आणि २०२३-२४पासून तुम्ही काही निवडलं नाही, तर आपोआप नवी पद्धत लागते. आम्ही दोन्ही हिशेब मांडले. बाबांना जुनी स्वस्त पडली.

तुमच्याही घरी असं कुणी असेल, तर आधी नातं नीट लावा. जे तुमच्या रिटर्नमध्ये बसत नाही, ते कदाचित बाबांच्या किंवा काकांच्या रिटर्नमध्ये बसेल. २०२५च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा सीएला विचारूनच फॉर्म भरा.

शनिवारी दिवा-रोहा गाडी पकडून घरी गेले. आत्याला सगळं समजावलं. ती अर्ध्या ओठांनी हसली. मग अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "म्हणजे... दादाच्या कागदावर मी. आणि... माझ्या कागदावर तू."