राज्य करणे सोपे नाही



आपल्या नहारियाजवळ अखझीव येथे एली अवीवी या गृहस्थांनी १९७१ साली स्वतःचे राज्य जाहीर केले होते. झेंडा होता, पाहुण्यांच्या पासपोर्टावर शिक्काही मारीत. २०१८ साली ते वारले. ही गोष्ट ऐकून आमच्या घरची मुले हसतात. आम्ही मात्र गप्प बसतो, कारण ओमानात आम्हीही एक छोटे राज्य थाटले होते!

इस्राएलला येण्यापूर्वी, १९९० साली, आम्ही सलाला येथे नर्स होतो. हा ओमानच्या दक्षिणेचा धोफार प्रांत. जून ते सप्टेंबर तिथे रिमझिम पाऊस पडतो, आणि नारळी-केळीच्या बागा पाहून अलिबागच आठवते.

हॉस्टेलात आम्ही बाराजणींनी मिळून मेस काढली. वयाने मोठ्या म्हणून प्रमुखपद आमच्याकडे आले. लगेच आम्ही नियमांची वही घातली. वर्गणी उशिरा दिली तर दंड, रात्री नऊला स्वयंपाकघराला कुलूप, आणि किल्ली आमच्या कमरेला.

एके रात्री एक नवी मुलगी बाळंतिणीपाशी अडकली. ती साडेनऊला आली. आम्ही म्हटले, "नियम तो नियम." ती उपाशीच झोपली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात तिला भोवळ आली. महिनाअखेर सातजणींनी वर्गणी दिलीच नाही.

तेव्हा एक मलबारी मैत्रीण म्हणाली, "सिस्टर, आमच्याकडचे एक सय्यदही इथे राजे झाले होते. लोकांनीच त्यांना घालवले."

पुढे आम्ही वाचले, ते खरेच होते. ममपुरमचे धर्मगुरू सय्यद फजल यांना इंग्रजांनी १८५२ साली मलबार सोडायला लावले. ते अरबस्तानात गेले आणि १८७५च्या सुमारास धोफारचे सत्ताधीश झाले. नाव तुर्की सुलतानाचे, राज्य स्वतःचे. पण कर आणि सक्ती लोकांना सोसेना. टोळ्या उठल्या आणि १८७९ साली त्यांना निघावे लागले. मग मस्कतच्या सुलतानाने धोफार ताब्यात घेतले. सय्यद इस्तंबूलला राहून परत येण्याची खटपट करीत राहिले, पण गेलेले राज्य मिळाले नाही.

आमचे राज्य मात्र मिळाले. त्याच संध्याकाळी आम्ही त्या मुलीची सर्वांसमोर माफी मागितली. किल्ली खिळ्याला टांगली. दंड रद्द केला आणि ड्यूटीवर असेल तिचे ताट झाकून ठेवायचे ठरले. सातहीजणी परत आल्या. आम्ही सलाला सोडले तोवर मेस चालू होती.

आपल्या समाजातही मंडळे नि कमिट्या पुष्कळ निघतात. अध्यक्ष मंडळींना एवढेच विनवतो की वही जरूर ठेवा, पण उशिरा येणाऱ्याचे ताटही झाकून ठेवा.