जुन्या बाजारांतील बीड

पुण्याच्या मंगळवार पेठेंतील जुना बाजार रविवारीं व बुधवारीं भरतो. घरीं सुतारकामाचा छंद जोपासणाऱ्या गृहस्थानें तेथें एकदां तरी फेरी मारावी. जुनीं हत्यारें, मोटारी, यंत्रांचे सुटे भाग हे सारें तेथें गंज पांघरून पडलेलें असतें.

गंजाला भिऊं नये. वरवरचा गंज रॉकेल लावून काचकागदानें घासल्यास निघतो. बेअरिंगें झिजलीं असल्यास नवीं बसवितां येतात. भ्यावें तें चिरेला. बिडाचें जडपण यंत्राची थरथर शोषून घेतें. पण तेंच बीड तडकलें, तर सहजासहजीं सांधत नाहीं. म्हणून यंत्राचा बिडाचा भाग हातोडीनें हलकेच ठोकून पाहावा. नाद बद्द आला, तर चिरेची शंका घ्यावी. ताजा, चकचकीत रंग दिसल्यास अधिकच सावध व्हावें. रंगाखालीं चीर सहज लपते.

यंत्राच्या पाटावर पोलादी पट्टी उभी धरावी. खालून उजेड दिसल्यास पाट वांकलेला समजावा. मोटारीवरील पाटीही वाचावी. तीन फेजची 415 व्होल्टची मोटार घरच्या 230 व्होल्टच्या जोडणीवर सरळ चालत नाहीं.

आणि करवतीवर झांकण नसेल, तर तें बसविल्यावांचून यंत्र चालवूं नये. घरांत मुलें वावरतात. स्वस्ताईची किंमत त्यांच्या बोटांनीं फेडावयाची नसते.