माशी स्पष्ट, निशाण धूसर

परवा वरणगावला जाऊन आले. निमित्त अण्णांच्या मोतीबिंदूचं. हल्ली त्याला कुणी ऑपरेशनसुद्धा म्हणत नाही. सकाळी जायचं, दुपारी काळा चष्मा लावून घरी यायचं. पण डॉक्टरांनी आधीच्या तपासणीत एक साधा प्रश्न विचारला आणि मी एकदम कॉलेजच्या दिवसांत जाऊन पोचले. पोटावर पालथी, खांद्याला रायफल!

तर आधी गावाविषयी. भुसावळहून नागपूरकडे निघालं की लागतं ते आमचं वरणगाव. गावाची ओळख म्हणजे १९६४ सालची ऑर्डनन्स फॅक्टरी. ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेली, पण गावात कुणी ते नाव घेत नाही. फॅक्टरी ती फॅक्टरीच. तिथे रायफलींची काडतुसं बनतात. अण्णा तिथे एक्झामिनर होते. काडतूस बोटांत धरून फिरवायचं, चीर, डाग, खोच दिसली की बाजूला टाकायचं. आयुष्यभर हेच केलं. बंदूक मात्र त्यांनी एकदाही चालवली नाही. ती चालवली मी, एनसीसीत :)

पॉइंट टू-टूची रायफल, २५ मीटरवर कागदी टार्गेट, पाच गोळ्या. दुर्बीण वगैरे काही नाही. मागे एक खाच आणि नळीच्या टोकाला एक बारीक लोखंडी टोक. फोरसाइट. जुन्या मराठीत त्याला माशी म्हणतात. उस्ताद ओरडायचे, "शिस्त लो!" मला वाटायचं, आम्ही गडबड करतोय म्हणून रागावताहेत. मग कळलं, शिस्त म्हणजे नेम. हा अर्थ आपल्या मराठीतही होता, आपणच तो विसरलो.

पहिल्या दिवशी माझ्या पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या. मी जीव तोडून टार्गेटकडे बघत होते, मग चुकतंय कुठे? उस्ताद शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "टार्गेट को भूल जा बेटी. टिप देख."

म्हणजे मारायचं ज्याला, त्याच्याकडेच बघायचं नाही?

संध्याकाळी अण्णांना हे सांगितलं. त्यांनाही पटेना. "समोरचं साफ दिसलं नाही तर लागेल कसं?" मग जेवणाच्या टेबलावर पेन्सिल आणि चहाचा कप घेऊन आमचा वर्ग भरला. डोळा एका वेळी एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवतो. खाच, माशी आणि निशाण, तिन्ही एकदम नाही. एकाची निवड करावीच लागते. आता हिशेब बघा. अख्खी रायफल सरळच्या सरळ एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर गोळीही एकच मिलिमीटर बाजूला जाते. पण खाच आणि माशी यांच्यात अर्धा मीटर अंतर धरलं आणि माशी खाचेच्या मधोमध नसून एक मिलिमीटर बाजूला असली, तर २५ मीटरवर गोळी पाच सेंटीमीटर चुकते. १०० मीटरवर वीस! म्हणून माशी स्पष्ट हवी. निशाण धूसर दिसलं तरी चालतं, धूसर गोलाचा मध्य डोळ्याला बरोबर सापडतो. दुर्बिणीत खूण आणि निशाण एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, तिथे ही निवडच करावी लागत नाही.

अण्णांनी पेन्सिल डोळ्यासमोर धरली, कपाच्या कानाकडे रोखली. बराच वेळ. मग म्हणाले, "खरंच की. एकच दिसतं."

पुढच्या खेपेला माझा ग्रुप रुपयाच्या नाण्याएवढा आला. तो कागद अण्णांनी बरीच वर्षं कपाटात ठेवला होता.

ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांतही दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र आणि पुढे एक कडी, त्या कडीत टार्गेटचा काळा गोल बसवायचा. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ असंच मिळवलं. तिथे दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, त्यामुळे रेल्वेच्या भुसावळात आनंद जरा जास्तच!

असो. तर डॉक्टरांचा प्रश्न. ते म्हणाले, "आत जी लेन्स बसवणार, तिचा फोकस एकच असतो. दूरचं स्पष्ट हवं की जवळचं? जे निवडाल ते चष्म्याशिवाय, दुसऱ्याला चष्मा. बहुतेक लोक दूरचं घेतात." दोन्ही दाखवणारी लेन्सही असते, पण ती महाग आणि काहींना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. अण्णांनी ती लगेच नको म्हटलं.

"दूरचंच घ्या," मी त्यांच्या आधी बोलून गेले. रस्ता दिसेल, गाडीच्या डब्याचा नंबर वाचता येईल, एकटे नाशिकला येता येईल. सगळी कारणं अण्णांच्या भल्याची. खरं सांगू? अण्णा एकटे येऊ-जाऊ लागले असते तर माझ्या वरणगावच्या फेऱ्या कमी झाल्या असत्या. हे मी तिथे कुणाला बोलले नाही. इथे लिहितेय.

अण्णा म्हणाले, "विचार करून सांगतो."

रात्री आई झोपल्यावर त्यांनी औषधांचा डबा माझ्यासमोर ठेवला. आईला दिवसाला नऊ गोळ्या लागतात. दोन पाकिटं अगदी सारखी, रंगही तोच, फरक फक्त पाच आणि दहाच्या आकड्याचा. आणि आकडा मुंगीएवढा. "मागच्या महिन्यात मी दोनदा चुकलो," ते म्हणाले. "तिला काही झालं नाही. पण झालं असतं." हे त्यांनी आम्हा भावंडांना सांगितलंच नव्हतं. आयुष्यभर खोट काढणाऱ्या माणसाने हे सांगायचं म्हणजे काय, ते मला समजत होतं.

"रात्री दोनला उठून गोळी द्यायची तर चष्मा कुठे शोधू? तूच म्हणाली होतीस ना, एकच साफ दिसणार. मग हातातलं दिसू दे." आणि हसून म्हणाले, "जन्मभर गोळ्याच तपासल्या. शेवटपर्यंत तेच करू."

मी वाद घातला नाही.

ऑपरेशन छान झालं. चौथ्या दिवशी त्यांनी पाकिटावरचा मुंगीएवढा आकडा खणखणीत वाचून दाखवला, मग छापायची तारीख, मग कंपनीचा पत्ता. आई म्हणाली, "पुरे आता, गोळी द्या!"

निघताना रिक्षा कोपऱ्यावर पोचली तरी अण्णा दारात उभे राहून हात हलवत होते. दूरचा चष्मा घरातच होता, म्हणजे मी त्यांना दिसत नसणार. हात मात्र बरोबर माझ्या दिशेला होता.

पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे.